सात नंबरची पेटी

माझ्या नोंदी इतक्या नीट असतात की त्यांचा मला थोडा माज आहे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी मधमाश्यांचा डीएनए तपासते. माश्यांना एक बारीक, गोचिडीसारखी कीड लागते. माइट म्हणतात तिला. ती वाढत्या पिल्लांना शोषते आणि पेटीच्या पेटी रिकामी करते. काही माश्या मात्र कीड लागलेली पिल्लं ओळखून घराबाहेर फेकतात. हा गुण जन्माचाच असतो आणि डीएनएमधल्या काही खुणांवरून हुडकता येतो. ज्या पेटीत त्या खुणा सापडतील, तिच्यापासून नव्या राण्या वाढवायच्या. एवढंच काम.

वारज्याच्या टोकाला एका काकूंकडे इटालियन माश्यांच्या पेट्या होत्या. आदल्या वर्षी माइटने निम्म्या संपवल्या. उरलेल्या दहांवर त्यांचा जीव होता. मी प्रत्येक पेटीवर ठळक आकडा टाकला. नमुन्याच्या बाटलीवर तोच, वहीत तोच. दसरा झाला आणि निकाल आला: खुणा फक्त सात नंबरमध्ये. मी स्कूटर काढली ती थेट काकूंच्या दारात.

दहाच्या दहा पेट्या लखलखत होत्या. पोपटी रंग, वर हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. आकडा एकीवरही नव्हता.

"खंडेनवमीला हत्यारं पुजत्यात, मंग माझी हत्यारं हीच की!" काकू म्हणाल्या. "मधासाठी सूर्यफुलाच्या शेतात नेल्या हुत्या, तिथनं आणल्या, रंग दिला. छान दिसत्यात का न्हाई?"

म्हणजे मांडणीचा क्रमही गेला होता. मी अगदी रडकुंडीला आले. नव्याने नमुने तपासायला दीड-दोन महिने लागणार, तोवर राण्या वाढवायचा हंगाम सरणार, आणि माइट काही आमच्यासाठी थांबणार नव्हती.

"अवो म्याडम, कुठली पेटी पायजे ते तरी सांगा."

"किडकी पिल्लं बाहेर टाकते ती."

काकू सरळ कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेल्या. "ही. हिच्या दारात रोज सकाळी टाकलेली पिल्लं असत्यात. बाकीच्या नुसत्या मध खाऊन बसत्यात."

पुरावा शून्य. पण माझ्या हातात तरी दुसरं काय होतं? त्याच पेटीपासून राण्या वाढवल्या. माझ्या समाधानासाठी सगळ्यांचे नमुने मात्र पुन्हा घेतले.

निकाल लागला तेव्हा नव्या राण्या अंडी घालत होत्या. खुणा कोपऱ्यातल्या पेटीतच निघाल्या! मी पेढे घेऊन धावतच गेले. काकूंनी पेढा तोंडात टाकला. चेहऱ्यावर आश्चर्य वगैरे काही नाही.

"हे तर तुमाला पयल्याच दिवशी सांगितलं हुतं. ह्याच ओट्यावर. तुमी वहीत लिवत पण हुता."

मला काही केल्या आठवेना. काकूंचीच काहीतरी गल्लत होतेय, असं मनात म्हणत घरी आले आणि वही काढली. पहिल्या भेटीचं पान लगेच सापडलं. तारीख होती, वेळ होती, तापमानसुद्धा होतं. खाली माझ्याच सुबक अक्षरात शेरा होता: "दहा नमुने घेतले. हवा स्वच्छ. मालकीणबाई फार बोलतात."