काठोकाठ भरलेला ड्रम

माझ्या हॉलच्या छतावर एक पिवळा डाग आहे. वरच्या मजल्यावरच्या त्र्यंबकरावांच्या टाकीतलं खारं पाणी तिथून गळलं होतं. रंगाऱ्याला मी त्या डागाला हात लावू दिलेला नाही. ज्याला बघवत नाही त्यानं मान खाली घालून बसावं.

त्र्यंबकराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर पंचगंगेची पातळी मोजली. पावसाळ्यात येणारा-जाणारा त्यांना "आज किती?" म्हणून विचारायचा आणि हा गृहस्थ फुटात उत्तर देऊन पुढं चालू लागायचा. मी वारणेकडचा गडी, बोलल्याशिवाय मला अन्न पचत नाही. तरी आमचं जमलं.

त्यांची एकुलती मुलगी मैथिली. तिनं हॉलमध्ये समुद्र आणून ठेवला होता. खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, आत जिवंत प्रवाळ आणि दोन नारिंगी मासे. "कोल्हापुरात रंकाळा कमी पडला व्हय गं?" म्हणून मी तिची चेष्टा करायचो. गेल्या वर्षी डेंग्यूनं ती गेली. ताप अंगावर काढत कामावर जात राहिली, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्र्यंबकराव रडले नाहीत. माणसं आली, गेली, हे टाकीपाशी उभे. त्या टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मात्र मागं राहतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ फिल्टरचं गोडं पाणी मोजून घालावं लागतं, नाहीतर खारटपणा वाढून प्रवाळ मरतात. वर्षभर या माणसानं तेवढंच केलं. ताट वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर विचारायचे नाहीत. माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा मला म्हणाल्या, "कृष्णातराव, मी एका भिंतीबरोबर राहते."

वर्षश्राद्धाला नृसिंहवाडीला मुक्कामी जायचं ठरलं आणि टाकीत पाणी कोण घालणार हा प्रश्न आला. त्र्यंबकरावांनी मग जुगाड बसवला. एक ड्रम, त्यात छोटा पंप आणि टाकीत तरंगता गोळा. पातळी उतरली की गोळा खाली येऊन पंप सुरू होणार, पाणी भरलं की बंद. ड्रम मोठा होता, पण त्यात पाणी तळाशीच ठेवलं आणि नदीकाठच्या मोजपट्टीसारखी एक रेघ ओढली. पंप चुकून चालूच राहिला तरी टाकीचं नुकसान होणार नाही, एवढंच पाणी.

आता माईंची गोष्ट. घर बंद करून मुक्कामाला निघताना एकही भांडं अर्धं ठेवायचं नाही, ही त्यांच्या सासूची शिस्त. कळशी भरली, पिंप भरलं, तांब्या भरला, आणि निघता निघता ड्रमही काठोकाठ भरला.

टाकीतली एक गोगलगाय नेमकी गोळ्यावर जाऊन बसली. गोळा खालीच राहिला आणि पंप चालू राहिला. माझ्या डोक्यावर पाणी ठिबकलं तेव्हा मी शिव्या देतच माझ्याकडं ठेवलेली त्यांची किल्ली घेऊन वर पळालो आणि प्लग उपटला. सगळा हॉल ओला. ड्रममधलं गोडं पाणी टाकीत, आणि टाकीतलं निम्मं मीठ फरशीवर.

दोघं परत आले. माईंची नजर दारातूनच रिकाम्या ड्रमवर गेली. त्र्यंबकरावांनी पाणी तपासलं आणि थोडं थोडं मीठ विरघळवून घालायला लागले. एकदम घातलं तर उरलंसुरलंही गेलं असतं. मासे वाचले. प्रवाळ बहुतेक मरून पांढरे पडले, कोपऱ्यातला एक हिरवा झुपका तेवढा राहिला.

"अहो, रागवा तरी!" माई ओरडल्या. "तिची टाकी मी मारली. बोला काहीतरी!"

ते मीठ ढवळत राहिले. मला वाटलं, या माणसाला गदागदा हलवावं.

पुढं पंधरवड्यात त्यांनी सगळं नव्यानं बसवलं. गोळ्याभोवती गोगलगायीसाठी जाळी. त्याच्या वर दुसरा गोळा, पहिला अडकला तर वीज तोडणारा. नळीचं तोंड पाण्याच्या वर, म्हणजे पंप थांबल्यावर पाणी आपोआप ओढलं जायला नको. आणि ड्रम मात्र लहान, घागरीएवढा. तो त्यांनी माईंपुढं ठेवला.

"हा काठोकाठ भर," ते म्हणाले. "सगळा रिकामा झाला तरी काही बिघडत नाही. मोजूनच आणलाय."

माई पदर तोंडाला लावून आत गेल्या. वर्षभरात नवऱ्यानं त्यांच्यासाठी केलेली ती पहिली गोष्ट होती.

मागच्या महिन्यात माईंच्या भावाच्या नातवाचं बारसं होतं, जयसिंगपूरला. माईंनी सगळी भांडी भरली, ड्रमही भरला. त्र्यंबकराव किल्ली द्यायला माझ्या दारात आले.

"आता गळणार नाही," ते म्हणाले.

"गळू दे की! छत माझं हाय, मी बघतो."

ते हलेनात. छतावरच्या डागाकडं बघत राहिले. "कृष्णातराव, त्या टाकीवर मी दोन दोन पहारे बसवले. पोरगी माझ्यासमोर ताप घेऊन हिंडत होती. तिच्या कपाळाला एकदा हात लावला नाही मी."

मग ते रडले. उंबऱ्यात उभे राहून, लहान मुलासारखे हमसून. मी, बोलल्याशिवाय अन्न न पचणारा, नुसता त्यांचा दंड धरून राहिलो.

माई जिन्यात पिशव्या घेऊन थांबल्या होत्या. त्या वर आल्या, पिशव्या खाली ठेवल्या आणि नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या. जयसिंगपूरची बस गेली.