चिकलठाण्याचा पाऊस

मुलांनो, तुम्ही दोघं कॉम्प्युटरवर विमान उडवायला शिकताय असं कळलं, म्हणून तुमच्या आजोबांच्या विमानाबद्दल आज लिहिते.

दुष्काळाचं वर्ष होतं. आमच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येई. आजोबांनी आपल्या विमानाच्या खेळाला एक सॉफ्टवेअर जोडलं होतं. विमानतळावर त्या घटकेला खरोखर जसं हवामान असेल, तसं ते पडद्यावर दाखवी. एका दुपारी खेळात आमच्याच शहरातल्या चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरताना त्यांच्या विमानाच्या काचेवर थेंब आले. विमान हवेतच सोडून ते गल्लीभर सांगत सुटले, "पाऊस येतोय, पिंपं बाहेर काढा." सगळ्यांनी काढली. ऊन मात्र हटेना.

"काका," शेजारीण म्हणाली, "पाऊस तिथंच उतरला व्हय? इकडची रिक्षा नाय मिळाली त्याला?"

आजोबा स्कूटर काढून थेट विमानतळाकडे गेले आणि नखशिखांत भिजून परतले. गल्लीत प्रत्येक दारासमोर त्यांनी हॉर्न वाजवला.

शेजारणीनं त्यांची बाही पिळून पाहिली. "खरं हाय की. मग आमचं पिंप तिकडंच नेऊन ठेवा."

तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. पापड वाळत घालण्याआधी गल्लीतल्या बायका अजूनही आजोबांना विचारून जातात.