मतं मोजायची यंत्रं

भारतीय पासपोर्ट परत करून मी सिंगापूरचा नागरिक झालो, त्यानंतरची ही पहिलीच राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. यंदा मतपत्रिका माणसांऐवजी यंत्रं मोजणार असं जाहीर झालं, तेव्हा बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात मी एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेल्या पुणेकरांना ऐकवलं, "याला म्हणतात सुधारणा!" जणू यंत्रं मीच बनवली होती. त्यांना सुधारणेशी काही देणंघेणं नव्हतं. मतदानाच्या सुट्टीत पुलाउ उबीन बेटावर सायकली हाणायच्या, एवढंच त्यांचं ठरलं होतं.

मग निवडणुकीचे नियमही सुधारले. नव्या नियमांत एकच उमेदवार बसला, बाकीचे अपात्र. मतदान नाही, सुट्टी नाही, आणि यंत्रांना मोजायला एकही मत नाही. पुणेकर सुट्टीसाठी हळहळले. मी मात्र हे स्थैर्याचं लक्षण असल्याचं त्यांना समजावत बसलो. लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

रविवारी पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. ती निवृत्त शिक्षिका, जन्मभर इलेक्शन ड्यूटी केलेली. तिला माझ्या बोटावरची शाई बघायची होती. इथे शाई लावत नाहीत, मी म्हटलं, आणि बाकीच्यांचे अर्ज बाद झाल्यामुळे निवड बिनविरोध झाली.

"आपल्या सोसायटीचा चेअरमन होतो तशी?"

"तशीच."

"तशी कशी?" आई म्हणाली. "आपल्याकडे दुसऱ्या कुणाला व्हायचंच नसतं."