साडूच्या मापाचा कोट

फुटबॉल क्लबचा मॅनेजर हाकलला गेला की लगेच त्याचा कोट लाँड्रीत येत असे. या वेळीही आला. गडद निळा, लोकरी, गुडघ्यापर्यंत लांब, आतून लाल अस्तराचा. क्लबच्या पहिल्या मॅनेजरने तो शिवून घेतला होता आणि तेव्हापासून जो कोणी मैदानाच्या रेषेवर उभा राहील त्याने तोच घालायचा, असा रिवाज पडून गेला होता. एक गेला आणि दुसरा यायचा आहे, अशा मधल्या काळात कोट कडकच्या लाँड्रीत, काउंटरमागच्या खिळ्यावर लटकत असे.

कडक हे त्याचं नाव नव्हे. इस्त्री कडक करायचा म्हणून पडलेलं. लाँड्री मूळची त्याच्या सासऱ्यांची. तो तिथे कामाला म्हणून आला, डाग काढायला शिकला, खळ करायला शिकला, आणि काही वर्षांनी मालकांच्या थोरल्या मुलीशी त्याचं लग्न झालं. वरच्या दोन खोल्यांत संसार थाटला. घरजावई हा शब्द त्याच्या तोंडावर कुणी उच्चारला नाही, पण गिऱ्हाइकं बराच काळ ‘मालक आहेत का?’ असंच त्याला विचारत राहिली.

सासऱ्यांनी जन्मात त्याच्या कामाला नावं ठेवली नाहीत आणि बरंही म्हटलं नाही. त्याला वाटे, स्वभावच तसा आहे. मग धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा क्लबच्या लहान पोरांना फुटबॉल शिकवणारा, शरीराने किडकिडीत, गळ्यात शिट्टी. आणि सासरे, जे सहसा लाँड्रीबाहेर पडत नसत, ते या जावयाच्या पोरांचे सामने बघायला जाऊन बसू लागले. घरी आला की त्याला आपल्या आरामखुर्चीत बसवू लागले. त्या खुर्चीचं कापड कडकने स्वतः धुऊन, ताणून बसवलेलं होतं. तो मात्र तिच्यात कधी बसला नव्हता. कुणी बस म्हटलंच नव्हतं.

सासरे गेले तेव्हा एक मानाची गोष्ट त्याच्याकडे आली. नव्या मॅनेजरच्या पहिल्या सामन्याला लाँड्रीवाल्याने कोट घेऊन मैदानाच्या तोंडाशी उभं राहायचं आणि सगळ्या गॅलरीसमोर तो मॅनेजरच्या अंगावर चढवायचा. सासरे करायचे, आता कडक करू लागला. ठेवणीतला शर्ट घालून जायचा. लोक टाळ्या वाजवायचे त्या मॅनेजरसाठी, पण टाळ्या चालू असताना तिथे दोन माणसं उभी असत आणि त्यांतला एक तो असे.

आता मॅनेजर गेल्यावर क्लबने तात्पुरता कारभार त्याच्या साडूकडे दिला होता. लोकांनी त्याचं नाव ‘हंगामी’ ठेवलं. हंगामी आहे तोवर कोट मिळत नाही, हाच काय तो कडकला दिलासा होता. पण कायमची नेमणूक झाली, तर गॅलरीसमोर साडूच्या पाठीशी कोट धरून उभं राहायचं होतं.

क्लबचे संचालक हुशार होते. निर्णय फसला तर शिव्या वाटून घेता याव्यात म्हणून मॅनेजर नेमण्याआधी ते समर्थक मंडळाला विचारत, आणि मंडळ सांगेल तेच बहुधा करत. मंडळाची बैठक लाँड्रीत भरे, कारण क्लबच्या जर्सी तिथेच धुतल्या जात आणि थंडीच्या दिवसांत प्रेसमुळे तिथे ऊब असे. बैठकीला बसस्टॉपइतकीच गर्दी व्हायची, पण बोलणारी माणसं ठरलेली. औषधाच्या दुकानाचा मालक, ज्याला सगळे केमिस्ट म्हणत. शाळेत असताना अंतिम सामन्यात पेनल्टी हुकवलेला आणि तेव्हापासून त्याच नावाने ओळखला जाणारा बसकंडक्टर. आणि निवृत्त नर्स मावशी, ज्या नवऱ्याच्या आजारपणातही सामना चुकवत नसत, असं लोक म्हणत. मावशी म्हणत, नवराच पाठवायचा.

“टायवाला आणा,” केमिस्टने सुरुवात केली. टायवाला म्हणजे मोठ्या क्लबांत सहायक म्हणून राहिलेला उमेदवार. “माणूस अभ्यासू आहे. फळ्यावर बाण काढून काढून समजावतो.”

“बाण काढून गोल होत असते तर मी ड्रॉइंग मास्तर आणला असता,” मावशी म्हणाल्या.

“जुना कॅप्टन!” पेनल्टी टेबलावर चढायच्या बेतात होता. “आपला माणूस आहे. क्लबसाठी गुडघा दिलाय त्याने.”

“तू काय दिलंस तेही माहितीय,” केमिस्ट म्हणाला. “बॉल. शेजारच्यांच्या गच्चीवर.”

हसून झाल्यावर मावशी कडककडे वळल्या. तो जर्सी उलटी करून तिच्यावरून प्रेस फिरवत होता. सुलटी केली तर पाठीवरचा आकडा वितळतो.

“आणि हंगामीचं काय रे? तुझा साडूच तो. तू तोंडात गुळणी धरून का बसलायस?”

“साडू आहे म्हणूनच,” कडक म्हणाला. “मी बोललो तर म्हणाल, घरच्याची तळी उचलतोय.”

हे सगळ्यांना फार आवडलं. केमिस्टने मान डोलावली. काउंटरपाशी पावत्या लावत बसलेल्या बायकोने मात्र वर पाहिलं. इथेच थांबला असता तर कडकचं काम झालं असतं. पण इतक्या वर्षांचं आत साठलेलं होतं, आणि आज पहिल्यांदा कुणी विचारलं होतं.

“आता विचारताच आहात तर सांगतो,” तो म्हणाला आणि प्रेस उभी केली. “मॅनेजरला दरारा लागतो. हा पोरांना ‘अरे राजा’ म्हणून हाक मारतो. राजा! त्या गोलकीपरची आई आजारी, तर हा रोज दवाखान्यात डबा घेऊन. मॅनेजरने डबे पोचवायचे की सराव घ्यायचा?”

“मग सराव बुडाला?” पेनल्टीने विचारलं.

“बुडतोय कसला! पहाटे घेतला. पोरांना अंथरुणातून ओढून काढलं. थंडीत! स्वतः त्यांच्या आधी जाऊन मैदानावर उभा. याला काय म्हणायचं?”

मागच्या बाकावरचे दोघे पुढे सरकून बसले. कडकला वाटलं, पटतंय.

“आणि निर्णय? हॉटेलात बसला तर काय मागवायचं ते याला ठरवता येत नाही, शेवटी धाकटी ठरवते. टीम निवडायची तर आदल्या दिवशी ज्याला वगळायचं त्याच्या घरी जाऊन सांगून येतो. घरी! मागे त्या डाव्या बाजूच्या पोराकडे गेला, तर बापाने दार लावून घेतलं. हा पायरीवर बसून राहिला पोरगा बाहेर येईपर्यंत.”

“आला का?” मावशींचा आवाज हळू झाला होता.

“येणार नाही तर काय करेल? पुढच्याच सामन्यात बदली म्हणून उतरून गोल केला की त्याने.” कडक आता थांबण्याच्या पलीकडे गेला होता. त्याने जर्सींच्या गाठोड्याला लाथ मारल्यासारखं केलं. “आणि हे! ही गाठोडी आणायला क्लबचा माणूस आहे. पण नाही, हा स्वतः येणार. एकेक जर्सी उलटी करून, मोज्यांच्या जोड्या लावून. मी म्हटलं, अहो साडूभाऊ, हे तुमचं काम नव्हे. तर म्हणतो, दादा, कुणाच्या मोज्याला रक्त लागलंय ते मला इथेच कळतं, पोरं दुखणी लपवतात. आता सांगा, हा मॅनेजर की धोबी?”

तो सगळ्यांच्या हसण्याची वाट बघत राहिला.

“मोजे बघतो?” मावशी म्हणाल्या. “पस्तीस वर्षं नोकरी केली मी. चादर बघणारा डॉक्टर मला एकच भेटला.” आणि त्यांनी पदराने नाक पुसलं.

“टायवाला मोजे बघणार नाही,” केमिस्टने कबूल केलं.

“जुना कॅप्टन तर स्वतःचे पण बघत नाही,” पेनल्टी म्हणाला. “हात वर करा रे, हंगामी कुणाकुणाला?”

हात वर गेले. आधी मावशींचा, मग मागच्या बाकापर्यंत सगळे. मग सगळे कडककडे बघू लागले, कारण त्याचा एकट्याचा खाली होता. काउंटरमागून बायको बघत होती. कडकने हात वर केला. त्यात अजून एक ओली जर्सी होती.

“एकमताने!” पेनल्टीने त्याच्या पाठीत थाप मारली. “काय खेळलास रे! आधी शिव्या घालतोय असं दाखवून शेवटी आत बॉल! मला वाटलं, हा खरंच विरोधात आहे की काय.”

सगळे गेल्यावर बायको पावत्यांना टाचणी लावत म्हणाली, “इतकं कौतुक माझं कधी केलं नाहीत. माझ्या आई-बाबांसमोर तरी करायचं होतं.”

“मी कौतुक करत नव्हतो.”

“ते मला माहितीय. मंडळींना कळलं नाही, नशीब समजा.” मग थोड्या वेळाने, “धाकटी आता मैदानावर छपराखाली बसेल, मोठ्या लोकांत. गादीच्या खुर्चीत. मला म्हणेल, ताई, तूही ये की. तोंडदेखलं.” आणि तिने टाचणी जरा जास्तच जोरात खुपसली.

संचालकांनी आठवड्याभरात नेमणूक जाहीर केली. लगेच साडूचा फोन आला. “दादा, मापाला कधी येऊ?”

दर मॅनेजरच्या वेळी कडक कोटाच्या बाह्या उसवून, नव्या मापाला दुमडून शिवत असे. मागचा मॅनेजर उंचापुरा, अगदी कडकच्याच चणीचा होता. त्या वेळी बाह्यांचं माप त्याने स्वतःच कोट घालून घेतलं होतं. सोयीसाठी, असं बायकोला सांगितलं होतं. साडू त्याच्या खांद्याला लागत होता.

“यायची गरज नाही,” कडक म्हणाला. “तुमचं माप पाठ आहे मला.”

आणि त्याने कोट घासला, वाफ दिली, खांदे सरळ केले, बटणं घट्ट केली. बाह्यांना हात लावला नाही. बायकोने खडू पुढे केला तेव्हा म्हणाला, “जुना कोट आहे, सारखं उसवून कापड जातं.” तिने खडू खिशात ठेवला आणि वाद न घालता पावत्यांकडे वळली. यावरून कडकला कळायला हवं होतं की तिला कळलेलं आहे. तिने अडवलं नाही, एवढंच त्याच्या लक्षात आलं.

सामन्याच्या दिवशी तो ठेवणीतला शर्ट घालून मैदानाच्या तोंडाशी उभा राहिला. साडू आला. मागे वळला, हात मागे केले. कडकने कोट चढवला. साडूचे हात बाह्यांत शिरले आणि बाहेर आलेच नाहीत. नुसत्या निळ्या बाह्या लोंबत राहिल्या, बापाचा कोट घातलेल्या पोरासारख्या. गॅलरीत कुठेतरी खसखस पिकली. मग आणखी एका कोपऱ्यात. कडकच्या छातीत इतकं गोड काही बऱ्याच वर्षांत हललं नव्हतं.

साडूने बाह्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“पाठ होतं ना, दादा?” तो हळूच म्हणाला. आणि दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. “द्या आता दुमडून.”

सगळी गॅलरी बघत होती. करणार काय? कडक खाली वाकला आणि बाही दुमडू लागला. आणि एकदा कापड हातात आल्यावर त्याच्या बोटांनी त्याला विचारलंच नाही. शिवण शिवणीवर, कड सरळ, चिमटीने दाबून पक्की. आतलं लाल अस्तर बाहेर आलं आणि मनगटावर वीतभर उठून दिसलं. क्लबचा रंग. दुसरी बाहीही तश्शीच. साडूने हात उंच करून गॅलरीला दाखवले, आणि मग जो गलका उठला तसा कुठल्याच मॅनेजरला मिळाला नव्हता.

सामना ते जिंकले. गोल कसला, तर समोरच्या बचावपटूच्या पाठीला लागून आत गेलेला. नशीबही त्याच्याच खुर्चीत जाऊन बसलेलं. पण बॉल जाळ्यात गेला तेव्हा कडक उडी मारून ओरडला होता, आणि खाली येईपर्यंत त्याला काही आठवलं नव्हतं.

दोन दिवसांनी पेनल्टीने फोटो चौकटीत घालून आणला. साडू हात पुढे करून ताठ उभा आणि कडक त्याच्या मनगटावर वाकलेला. पेनल्टीने स्वतःच खिळा ठोकून तो काउंटरमागच्या भिंतीवर लावला. कपडे टाकायला येणारी बाई म्हणाली, “असा साडू नशिबाने मिळतो.” कुणाबद्दल म्हणाली ते कडकने विचारलं नाही. एका गिऱ्हाइकाने तर आपला कोट दुरुस्तीला टाकताना बजावलं, बाह्या लांबच ठेवा, दुमडून घालणार आहे.

दुपारी साडू गाठोडी घेऊन आला. वर कोट होता, बाह्या अजून दुमडलेल्याच.

“द्या इकडे,” कडक म्हणाला. “आता नीट कमी करून देतो. वेळ मिळाला नव्हता.”

“नको दादा. अशाच राहू द्या. पोरं म्हणतात, शकुन झाला.” तो मोज्यांच्या जोड्या काउंटरवर मांडत होता. “दर सामन्याला तुम्हीच दुमडून द्यायच्या. मला तशा जमत नाहीत.”

हे तो भाबडेपणाने म्हणाला की मोजूनमापून, ते कडकला त्याच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. साडूने एक मोजा उजेडात धरला, चुकचुकला, तो वेगळा काढून ठेवला आणि गेला.

लाँड्रीत कुणी नव्हतं. कडकने बाह्या उलगडल्या, घडीवरून वाफ फिरवली आणि कोट अंगात चढवला. बाह्या बरोबर मनगटाशी येऊन थांबल्या. काचेत त्याने खांदे मागे घेऊन पाहिले.

बायको जिन्यावरून चहा घेऊन उतरली. दोन पायऱ्या वर थांबून तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“बसतो हो तुम्हाला,” ती म्हणाली. “काढा आता. धाकटीचा फोन होता, परवा मलाही छपराखाली बोलावलंय. ती लाल कड नीट दाबा, तिथून सगळं दिसतं म्हणे.”

कडकने कोट काढला, फळीवर पसरला, आणि बाह्या पुन्हा दुमडायला घेतल्या. साडूच्या मापाला.