पानसोटाचे डोळे

सौसरच्या आमच्या गल्लीत मला नावानं फारसं कोणी हाक मारत नाही. "काय करून राहिली सध्या?" हेच माझं नाव. दोन विषयांत एम.ए., वर बी.एड., आणि परीक्षा किती दिल्या ते विचारूच नका, डोकं फिरतं माझं. मी तोंड उघडायच्या आत बाबा ओट्यावरून उत्तर देतात, "तयारी करून राहिली." मी एकतिशीला आले, आई गेली, बरोबरीच्या मैत्रिणींची पोरं शाळेत जायला लागली, बाबांचं उत्तर तेच. तयारी हा शब्द ऐकला की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

बाबा एका ऑफिसात शिपाई होते, आता रिटायर झालेत. त्याआधी, शाळा अर्ध्यातून सुटल्यावर, त्यांनी लोकांच्या शेतावाड्यांत मजुरी केली होती, एवढंच मला माहीत. त्या दिवसांचं विचारलं की म्हणायचे, "ते सोड बेटा. तिथून पाय काढाले माही अर्धी जिंदगी गेली. तू शीक." माझ्या डिग्र्या त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावल्यात. रोज सकाळी त्या फडक्यानं पुसतात. मी त्या भिंतीकडे पाठ करून चहा पिते.

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा बाबांना वाटलं, आता नवीन ऑफिसं निघतील आणि त्यातली एखादी खुर्ची आपल्या पोरीची. मग मी रोज बसनं पांढुर्ण्याला लायब्ररीत जाऊ लागले. मंगळवारी, शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या भक्तांची एवढी गर्दी की उभ्यानं जायचं. त्या लोकांना निदान माहीत असे आपण कुठं चाललो ते. लायब्ररीत सुरुवातीला आम्ही आठ-नऊ जण होतो. एक पुण्याला गेला, एकीचं लग्न झालं, एकानं बोरगावला कारखान्यात काम धरलं आणि रस्त्यात दिसला की मान खाली घालायचा. शेवटी उरलो मी आणि पंखा. दिवसभरात एक शब्द बोलायला मिळत नसे. परतताना कंडक्टरला "सौसर" म्हणायचं तर घशातून आवाज निघेना. एकटेपणाची मला लाज वाटायची, जणू तोही नापास झाल्याचाच निकाल होता.

पांढुर्ण्याच्या अलीकडे रस्त्यालगत संत्र्याची एक नर्सरी आहे. एका दुपारी लायब्ररीत जीव रमेना, म्हणून चालत तिथवर गेले आणि पाणी प्यायला आत शिरले. साठीच्या पुढची एक मावशी जंबेरीच्या रोपांपुढे उकिडवी बसली होती. जंबेरी म्हणजे खालचं काटक झाड. त्याच्या सालीला चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. तिथं डोळे बसवायचे पुरुष. बाया मागून पट्ट्या बांधत जायच्या. ही बाई दोन्ही करत होती. मी बघत राहिले.

"पाहून काय राहिली? बस. पट्टी धर," ती म्हणाली.

मला कोणीतरी बस म्हटलं, एवढ्यानंच मला भरून आलं.

मी लायब्ररी सोडली. घरी सांगितलं नाही. डबा तोच, बस तीच, पिशवीत पुस्तकंही तीच. मावशी कधी शाळेत गेली नव्हती आणि मला मॅडम म्हणायची. "मॅडम, सुरी अशी धरतेत काय? भेंड्या चिरून राहिल्या का?" मी वही काढली की हात जोडायची. "अवो मॅडम, ते ठेवा पिशवीत. बोटाले शिकवा आधी." माझे कितीतरी डोळे वाळून काळे पडले. तिनं मला असं झापलं की विचारू नका. पण खरं सांगते, इतक्या वर्षांत माझ्यावर एवढं लक्ष देऊन कोणी रागावलंच नव्हतं.

त्या नर्सरीत एक रीत आहे. ज्यानं डोळे बांधले त्यानं ओळीच्या पहिल्या रोपाला आपल्या कपड्याची चिंधी बांधायची. मग ओळ जगो की वाळो, कोणाची ते सगळ्यांना दिसतं. मावशीची चिंधी हिरव्या लुगड्याची. या थंडीत मालकानं मला पहिल्यांदा अख्खी ओळ दिली आणि म्हणाला, "ओळ चांगली झाली तर याच हंगामात तुमाले मावशीसंगं डोळे बांधायच्या टोळीत, रोजीवर घेतो." मी कॉलेजच्या ओढणीची चिंधी फाडून बांधली. एकतिसाव्या वर्षी पहिलं काम मिळणार होतं आणि ते माझ्या हातावर होतं.

नेमकी मावशी दोन दिवस तापानं पडली. डोळ्यांच्या काड्या मीच मालकाच्या संत्र्याच्या वाडीतून तोडून आणल्या. माझी अक्कल बघा: सगळ्यात जाड, सरळ, हिरव्यागार काड्या शोधून शोधून घेतल्या. डोळे अलगद निघत होते. दोन दिवसांत ओळ बांधून झाली. एक काडी उरली, ती ओल्या गोणपाटात गुंडाळून पिशवीत टाकली, घरी गुपचूप हात बसवायला.

संध्याकाळी मी चहा मांडला होता. बाबा चष्मा शोधत माझ्या पिशवीपाशी गेले. वळून बघते तर त्यांच्या हातात ती काडी. आता विचारतील, लायब्ररीत गोणपाट कशाले? मी खोटं जुळवायला लागले. त्यांनी काडी बोटांत फिरवली, तिच्या तीन धारांवरून अंगठा नेला, काट्याला नख लावलं.

"हा पानसोट होय," ते म्हणाले. "सरसर वर जाते. दिसाले जोरदार. पण याचा डोळा घेत नसतेत बेटा. झाड वाढते, काटे धरते, फळासाठी मात्र वर्सोनवर्स वाट पाहाले लावते. गोल काडी घ्या लागते, पांढऱ्या रेघांची."

"बाबा, तुमाले कसं माहीत?"

"दहा वर्सं बांधले म्या डोळे," ते म्हणाले. काडी होती तशी गुंडाळून ठेवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

एका छपराखाली ते त्यांचं लपवत होते आणि मी माझं. मी गॅस बंद केला आणि तिथंच खाली बसून रडले.

पानसोटाचा डोळाही लागतो, चांगला जोमानं लागतो. मी गप्प बसले असते तर मालक खूश झाला असता आणि मी टोळीत गेले असते. कळलं असतं ते कितीतरी वर्षांनी, ती रोपं विकत नेलेल्या कोण्या अनोळखी माणसाला. तो आपल्या वाडीत उभा राहून म्हणत राहिला असता, यंदा तरी फळ धरेल. तशी वाट बघताना माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. मला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी शाल गुंडाळून आली. मी सांगून टाकलं.

"माय बाई!" तिनं कपाळाला हात लावला. "सगळी ओळ?"

"सगळी."

"मंग सोड पट्ट्या. रोपाच्या दुसऱ्या बाजूनं नवे डोळे बांधू."

मालकानं ऐकलं. रागावला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, "मॅडम, यंदा नाही जमत मग. अजून एक वर्स शिका." दिवसभर मी माझेच डोळे खरवडून काढत होते. शेवटी ओढणीची चिंधीही सोडायला गेले, तर मावशीनं हात धरला. "ते राहू दे. ओळ तुहीच आहे."

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. नर्सरी, मावशी, खोटी लायब्ररी, सोडलेली ओळ, हुकलेलं काम. ते मान हलवत ऐकत राहिले. मग उठून ओट्यावर गेले. मी दाराआड उभी होते तेव्हा समोरचे काका आले आणि रोजचाच प्रश्न आला. "काय करून राहिली पोरगी?"

मी डोळे मिटून त्या जुन्या शब्दाची वाट पाहिली.

"संत्र्याचे डोळे बांधाले शिकून राहिली," ते म्हणाले.

"एवढी एम.ए. होऊन?"

"हाव. कठीण असते ते. म्या केलं आहे."