मुक्कामी गाडी

नाशिकरोडच्या फलाटावर आप्पा माझ्या बॅगेवर बसून होते आणि उठतच नव्हते. गाडी येतेय म्हटलं तरी "येऊ दे, थांबती ती" एवढंच. आई आलीच नव्हती. तिनं नांदगावच्या स्टँडवरूनच मला निरोप दिला, कारण पुढं आली असती तर आधी ती रडली असती आणि मग आप्पा. एकलहऱ्याहून आत्या तेवढी डबा घेऊन आली होती. तिनंच भावाला हाताला धरून उठवलं. "लोकांच्या पोरी कलेक्टर व्हायला जातात, आमची सिमल्याला बसचे टाइम लावायला चालली," म्हणाली. आप्पा हसले, बॅग आत ठेवली, आणि खिडकीशी येऊन हळूच बोलले, "शिक्षान कुणी इचारलं तर खाली बघून सांगू नको."

त्यांना माहीत होतं, मी खाली बघूनच सांगते. नववीत सुटली शाळा.

शाळेतल्या मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या गावातच राहिल्या आणि ज्या माझ्यासारख्या लांब गेल्या, त्या सगळ्यांना आपली मुक्कामी गाडी आठवत असेल. संध्याकाळी नांदगावहून यायची, रात्री गावातच थांबायची आणि सकाळी आपल्याला शाळेत न्यायची. ड्रायव्हर-कंडक्टर चावडीमागच्या खोलीत झोपायचे. त्यांचं जेवण पाळीपाळीनं एकेका घरी. आमची पाळी असली की आई मिरच्या जास्त भाजायची. कंडक्टर नाक पुसत जेवायचे आणि म्हणायचे, "वहिनी, तुमच्या पाळीला मी रजाच टाकत नाय." आप्पांना ते ऐकून फार बरं वाटायचं, जणू ठेचा त्यांनीच वाटला.

मग त्या खोलीत कुणीतरी खताच्या गोण्या ठेवल्या. त्या हलवायच्या कुणी, यावर वरची आळी आणि खालची आळी भांडत बसली. जेवणाची पाळीही त्याच भांडणात बुडाली. एका रात्री दोघं बिस्किटं खाऊन गाडीतच झोपले. पुढं गाडी शेजारच्या गावाला मुक्काम करू लागली, आपल्याकडं यायची तेव्हा शाळेची घंटा होऊन गेलेली असायची, आणि शेवटी यायचीच बंद झाली. पोरांनी मोटारसायकली काढल्या. आप्पा ओट्यावर बसून म्हणाले, "पोरीला कुणाच्या मागं बसवून धाडू?" दुसऱ्या दिवसापासून मी घरीच. माझा त्यांच्यावर राग नाही, तेव्हाही नव्हता.

मग निफाडला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला गेले. तिथून आत्यानं मला एकलहऱ्याला नेलं. "माझ्याकडं राहील, सतरा नंबरचा फॉर्म भरील," एवढंच ती आप्पांना म्हणाली, आणि त्यांच्या हो-नाहीची वाट न बघता माझे कपडे पिशवीत भरले. बाहेरून दहावी, बारावी, मग मुक्त विद्यापीठाची पदवी. नाशिकच्या बसथांब्यांवर सर्व्हेचं काम करता करता ही नोकरी लागली. गावोगावच्या बससेवेबद्दल सरकारला सल्ला देणारा एक छोटा गट आहे, त्यात. आत्याचं मी काय फेडणार? फोनवर आभार मानले तर म्हणते, "गप, बिल वाढतं." फोनला आता बिल येत नाही, हे मी तिला सांगत नाही.

इथं सिमल्याला सगळे उतारच उतार. लोक दुपारी उन्हात खुर्च्या टाकून बसतात, आणि मला आई आठवते, जी आयुष्यभर ऊन चुकवत आली. आत्यानं पाठवलेल्या पिठाची भाकरी इथं थापताना तुटते. ऑफिसात 'व्हायेबिलिटी', 'स्टेकहोल्डर' असे शब्द मीही आता सहज बोलते आणि बोलून झाल्यावर दचकते. बाकीचे मोठ्या मोठ्या ठिकाणी शिकून आलेत. चांगली माणसं आहेत, मला सांभाळून घेतात. पण मीटिंग असली की मी सकाळपासून तेच कागद पुन्हा पुन्हा चाळते. वाटतं, आज यांना कळणार, चुकून घेतलं हिला.

हिवाळ्याच्या तोंडावर एक प्रस्ताव आला. डोंगरातल्या एका गावची मुक्कामी बस खालच्या बाजारपेठेतच थांबवायची. प्रवासी कमी, कर्मचारी नाराज. तसं झालं तर वरच्या मुलींना सकाळी शाळेला यायला काहीच उरणार नव्हतं. सगळे आकड्यांवर बोलत होते. शेवटी मी विचारलं, "ड्रायव्हर-कंडक्टर तिथं रात्री झोपतात कुठं?" आमच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "पता नहीं. जाके देखो."

त्याच गाडीनं वर गेले. ड्रायव्हर-कंडक्टर झोपायचे त्या महिला मंडळाच्या भवनाचं छप्पर मागच्या वर्षी बर्फानं बसलं होतं. तेव्हापासून दोघं त्या थंडीत गाडीतच झोपत होते. गावाला वाटत होतं, दुरुस्ती सरकार करील. सरकारात कुणाला ते छप्पर ठाऊकच नव्हतं. अंगणात बायका जमल्या. मी माझ्या मोडक्या हिंदीत गोण्यांची गोष्ट सांगितली, माझ्या शाळेचीही. सांगताना खाली बघितलं की नाही, आता आठवत नाही.

मग एक म्हातारी म्हणाली, "कमरा तो मेरे पास है. लेकिन ड्रायव्हर साहब खर्राटे बहुत लेते हैं."

"मैं नहीं लेता, माताजी," ड्रायव्हर म्हणाले, "ये कंडक्टर लेता है."

"एक ही बात है. दीवार तो मेरी है."

बायका हसल्या आणि तिथंच जेवणाच्या पाळ्या ठरल्या. मी तसं लिहून दिलं, मॅडमनी माझ्या नावानिशी पुढं पाठवलं, आणि हा हिवाळाभर बस वरच मुक्काम करील असं ठरलं. पुढच्या वर्षीचं कुणी सांगू शकत नाही. मलाही भीती आहेच.

त्या रात्री मी म्हातारीच्याच घरी जेवले. राजमा, भात, वर तूप. तिनं विचारलं, "घर कहाँ है, बेटी?" मी नाशिक म्हणाले, मग नांदगाव, मग गावाचं नाव. तिला तिन्ही सारखीच.

सकाळी काचेवर दहिवर होतं. मुली पायवाटेवरून धावत आल्या, एकीच्या तोंडात कंगवा. गाडीत तीच माझ्याशेजारी बसली. "दीदी, शाम को वापस आओगी?" मी नाही म्हटलं. "तो घर कब जाओगी?" काय सांगणार? दिवाळीला, सुट्टी मिळाली तर.

आई असेल ते घर, असं मी आजवर म्हणत आले. आता वाटतं, सकाळी शिकायला निघून दिवेलागणीला जिथं परत येता येतं, ते घर. मला ते नववीपर्यंतच मिळालं. त्यानंतर मला शिकायचं, तर घर सोडूनच जावं लागलं. आई तिथंच आहे, चूल तिथंच आहे, आणि मी पाहुणीसारखी जाते, पाहुणीसारखी निघते.

शाळेशी गाडी थांबली. मुली ढकलाढकली करत उतरल्या. एकीनंही मागं वळून पाहिलं नाही. संध्याकाळी घरीच तर जायचं होतं त्यांना.