न विचारता दिलेला होकार

बाई गं,

तुझा फोन कायम लागलेला असतो, म्हणून लिहिते आहे. तुझ्या नेटवर्कवाल्यांनी वार्षिक अंकासाठी माझ्याकडं तुझ्याबद्दल चार पानं मागितली आहेत. मावशीला भरपूर रिकामा वेळ आहे, असं सगळ्यांचं ठाम मत आहे. लिहिते, पण तुला आवडेल असंच लिहीन याची खात्री नाही. शिवाय तुझीच गोष्ट तुलाच ‘तू अशी वागलीस, तू तसं केलंस’ करत सांगायची म्हणजे आरोपपत्र वाचून दाखवल्यासारखं वाटतं. तेव्हा इथून पुढं तू ‘ती’ आणि मी ‘मावशी’. चुकेल तिथं फोन करून भांड.

तर तिला सगळे फोनताई म्हणतात. राज्यातल्या बारा-चौदा संघटनांनी मिळून हे नेटवर्क उभं केलं: परिचारिका, हॉटेल कामगार, शाळकरी मुलांच्या आया, पेन्शनर. एकेकट्यानं विधिमंडळात जाऊन घसा कोरडा केला तरी कुणी ढुंकून बघत नाही, म्हणून एकत्र यायचं आणि चांगल्या कायद्यांमागे लागायचं. ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत पत्रकांचे गठ्ठे, दुसरीत फोनताई. मसुदे वकीलबाई लिहितात, आमदारांच्या मागे वकीलबाई फिरतात. फोनताईचं काम माणसं आणण्याचं. ज्यांच्यावर प्रत्यक्ष बेतलं आहे आणि जी समितीपुढं उभी राहून ते सांगतील, अशी माणसं.

आता खरं सांगायचं तर या कामाला तिच्याइतकी नालायक बाई शोधून सापडली नसती. लहानपणी सहलीची बस सुटायच्या आधीच हिला उलटी व्हायची. आजही दाराला कुलूप लावलं की नाही हे बघायला जिन्यावरून दोनदा परत जाते. पण घाबरलेली माणसं तिच्याशीच बोलतात, कारण ती त्यांच्याहून जास्त घाबरलेली असते. वकीलबाईंसमोर तोंड न उघडणारा माणूस हिच्यासमोर दहा मिनिटांत आपलं सगळं सांगून मोकळा होतो, वर हिलाच पाणी आणून देतो.

त्या वर्षी आजारपणाच्या पगारी रजेचं विधेयक होतं. रोजावर आणि तासावर काम करणाऱ्यांनाही वर्षातून थोडे दिवस, पगार न कापता, आजारी पडता यावं, एवढीच मागणी. शेजारच्या राज्यात हाच मसुदा एका मतानं पडला होता. तिथल्या नेटवर्कची बाई फोनवर म्हणाली, “आम्ही आकडे नेले, तक्ते नेले, एक प्राध्यापकही नेला. सगळे आमदार जांभया देत होते. तुम्ही माणूस न्या.”

इकडं समितीत नऊ आमदार. चार बाजूनं, चार विरुद्ध, आणि एक काठावर बसलेले. हे काठावरचे आमदार वागायला गोड, दोन्हीकडच्यांना चहा पाजायचे आणि कुणालाच हो म्हणायचे नाहीत. वकीलबाईंना ते म्हणाले होते, “कागद नकोत मला. जिच्यावर वेळ आली ती बाई आणा माझ्यासमोर.”

ती बाई फोनताईला एका दवाखान्याच्या बाकावर भेटली. हाताला बँडेज. मोठ्या हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत ती वाफेच्या प्रेसवर काम करायची. अंगात सणसणून ताप असताना कामाला गेली, कारण दांडी मारली की पगार कापणार आणि दुसऱ्यांदा मारली की कामावर येऊ नका म्हणणार. उभ्या उभ्या चक्कर आली आणि हात तापलेल्या पत्र्यावर पडला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी पार होरपळली. घरात सासू अंथरुणाला खिळलेली, मुलगी शाळेत. मिळवणारी ही एकटी.

फोनताई तिच्या घरी तीन वेळा गेली. तिसऱ्या वेळी लाँड्रीतल्या बाई म्हणाल्या, “बोलते मी. पण मालकाला कळलं तर?”

“तिथं कोण येतं, कोण जातं, कुणी बघत नाही.”

“तुम्ही बघता ना?”

“मी बघते. आणि हे बघा, नको वाटलं तर अगदी शेवटच्या क्षणी नाही म्हणा. मागच्या बाकावर नुसतं बसा आणि घरी जा. तुम्ही कशाला आला होता हे कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“शब्द देता?”

“देते.”

तिथून निघाल्या निघाल्या तिनं मावशीला फोन केला. “मावशी, मी शब्द देऊन बसले.”

“मग पाळ.”

“तेच तर.”

पुढचे सगळे दिवस तिचा जीव टांगणीला. बाईंची सुट्टी एका मैत्रिणीशी बदलून घेतली. सासूजवळ बसायला पेन्शनर संघटनेतली एक आजी ठरवली. बस कुठली, उतरायचं कुठं, मागच्या दाराजवळचा बाक कुठला, सगळं डोळ्यांत तेल घालून बघितलं. जेवण जात नव्हतं. मावशीनं समोर बसवून चार घास खायला लावले तर त्यातही ती म्हणाली, “बस बंद पडली तर?”

“तर दुसरी येईल. गीळ.”

सुनावणीच्या दिवशी हॉल तुडुंब. आता इथं नेटवर्कची एक रीत सांगायला हवी. विधेयकाच्या बाजूच्या माणसांनी गळ्यात पिवळा स्कार्फ घालायचा, म्हणजे आमदारांना वर बसल्या बसल्या गर्दी कुणाची ते कळतं. विरोधात मालक संघटना होती. त्यांना स्कार्फ लागत नाहीत, त्यांचे कोट ओळखू येतात. मावशीही गर्दी वाढवायला गेली होती आणि पिवळ्या रंगात आजारी दिसत होती.

स्कार्फ वाटायला दारात टपालकाका. जन्मभर घरोघरी टपाल टाकून निवृत्त झालेला माणूस; समोरून गेलेल्याला काही न देता सोडणं त्यांच्या रक्तात नाही. आणि लाँड्रीतल्या बाईंना तेवढा स्कार्फ देऊ नका, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बस, सासू, बाक, सगळ्याची काळजी केलेली फोनताई आपल्याच घरचा स्कार्फ विसरली. इतकी वर्षं तो गळ्यात घालून घालून तिला तो दिसेनासा झाला होता. बाई आल्या तेव्हा ती बाहेर व्हरांड्यात खिडकीशी उभी राहून शेजारच्या राज्याशी फोनवर बोलत होती.

“या ताई, आपल्याच ना?” काका म्हणाले आणि स्वतःच्या हातानं स्कार्फ घातला. बाई संकोचून हो म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

थोड्या वेळानं मालक संघटनेचे लोक आले. त्यांच्यात चौथा माणूस लाँड्रीचा मालक. तो बसता बसता थांबला, मागं वळून बघितलं, पुन्हा बघितलं. मग अगदी सभ्यपणे त्यानं बाईंकडं बघून मान हलवली. बाईंनीही हलवली. दुसरं काय करणार?

फोनताई आत आली आणि तिला तो पिवळा स्कार्फ दिसला. बाकाशेजारी ती खाली उकिडवी बसली. “काढा तो स्कार्फ. काढा आधी.”

“आता काढून काय? बघितलंय त्यांनी.”

“चला, मी घरी सोडते. त्यांना सांगते, चुकून घातला.”

“काय सांगाल, हिला थंडी वाजत होती म्हणून?”

 पलीकडच्या बाकावरून मावशीला फोनताईचा नुसता कान दिसत होता, तो लालबुंद झालेला. बाईच पुढं म्हणाल्या, “न बोलता गेले तर नोकरी फुकट जाईल. बोलून तरी जाते.”

आणि बोलल्या. दोन मिनिटं मिळतात, त्यांना तेवढीही लागली नाहीत. लाँड्रीचं नाव घेतलं नाही. ताप, चक्कर, पत्रा. बाही वर केली नाही, कुणी करायला सांगितलंही नव्हतं. शेवटी म्हणाल्या, “मी मालकांची तक्रार करायला नाही आले. त्यांना ताप आला की ते घरी झोपतात. मलापण तेवढंच पाहिजे.” मालक छताकडं बघत होता. काठावरचे आमदार बाईंकडं.

अध्यक्षांनी थोडी विश्रांती जाहीर केली. काठावरचे आमदार बाहेर व्हरांड्यात आले आणि वकीलबाई व फोनताईला बाजूला घेऊन म्हणाले, “बाईंचं मला पटलं. पण माझ्या भागात छोटे धंदेवाले आहेत, त्यांना तोंड दाखवायचंय मला. वीस माणसांपर्यंतचे धंदे वगळा. माझं मत तुम्हाला.”

असे सौदे व्हरांड्यातच होतात. नेटवर्कचा नियम असा की मसुदा लिहिणारी आणि माणसं आणणारी, दोघींनी होकार दिल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. वकीलबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, “लाँड्रीत किती आहेत?”

“अठरा.”

वकीलबाईंनी ओठ आवळले. “हॉटेलं येतात, दवाखाने येतात, कारखाने येतात. लाखांत माणसं येतात. बोल लवकर.”

आत घंटा झाली. उघड्या दारातून फोनताईला तो पिवळा स्कार्फ दिसत होता. आत जाऊन, वाकून, एक प्रश्न विचारून परत यायला कितीसा वेळ लागला असता? आमदार घड्याळ बघत होते, पण थांबले असते. तिला अडवलं ते वेळेनं नाही. विचारलं आणि बाई नाही म्हणाल्या तर? मग त्या ‘नाही’चं काय करायचं? जन्मभर कशा ना कशाला घाबरलेल्या या बाईला त्या क्षणी सगळ्यात जास्त भीती वाटली ती एका उत्तराची. तिनं मान हलवली.

विधेयक समितीतून पाच विरुद्ध चार मतांनी पास झालं. टाळ्या पडल्या. टपालकाका स्कार्फनं डोळे पुसत होते. फोनताई गर्दीतून वाट काढत बाईंपाशी गेली, कारण हे तिसऱ्याच कुणाच्या तोंडून त्यांना कळू नये, एवढी अक्कल तिला होती.

“वीस माणसांपर्यंतचे धंदे वगळलेत,” ती म्हणाली.

बाईंनी मनात मोजलं असावं. “म्हणजे आम्ही नाही.”

“नाही.”

“हे कधी ठरलं? मी बोलायच्या आधी?”

“नंतर. आत्ता, बाहेर.”

“तुम्ही होता तिथं?”

“होते. मी हो म्हटलं. नाहीतर सगळंच पडलं असतं. शेजारच्या राज्यात…”

“ते कळतं हो मला. माझी धाकटी जाऊ हॉटेलात आहे, तिला होईल उपयोग.” बाईंनी गळ्यातला स्कार्फ काढला, मांडीवर ठेवून कडेला कड लावून चौकोनी घडी केली आणि तिच्या हातात दिली. “विचारायला आला असतात तर मी हो म्हटलं असतं. तुम्ही सांगायला आलात.”

आणि त्या बस पकडायला गेल्या.

मालकानं त्यांना काढलं नाही. तो तेवढा कच्चा नव्हता. प्रेसवरून उचलून मागच्या शेडमध्ये मळक्या चादरी वेगळ्या करायला बसवलं. पगार तोच. “तुमच्या हाताला आराम,” असंही म्हणाला. तक्रार करायची तर कशाची करणार? पण फोनताईच्या डोक्यात किडा वळवळायला लागला: प्रकरण थंड झालं की हा माणूस बाईंना काढणार. कुणाचं लक्ष आहे म्हटल्यावर काढणार नाही. म्हणून तिनं त्या लाँड्रीत कपडे टाकायला सुरुवात केली. मग वकीलबाईंचे काळे कोट जायला लागले, टपालकाकांच्या सतरंज्या, परिचारिका संघटनेच्या ऑफिसातले टेबलक्लॉथ. आळीपाळीनं जायचं, पावती हळूहळू करून घ्यायची आणि मागचं दार उघडं असेल तर शेडमध्ये डोकावून बघायचं. हॉटेलांच्या लाँड्रीला घरगुती गिऱ्हाईक एकदम का वाढलं, हे मालकाला कळलं नसेल किंवा चांगलंच कळलं असेल. फोनताईच्या चादरी धुऊन धुऊन जाळीदार झाल्या. बाई कधी शेडमधून हात वर करायच्या, कधी नाही. ज्या दिवशी नाही, त्या दिवशी मावशीला फोन.

“दिसली नाही गं.”

“जेवायला गेली असेल.”

“आणि नसेल तर?”

इथवर ‘ती’. पुढचं मात्र तुझं-माझं आहे, म्हणून पुन्हा ‘तू’.

विधेयकाचा पुढं कायदा झाला, आणि येत्या अधिवेशनात त्यातली वीसची मर्यादा दहावर आणायची दुरुस्ती येते आहे. वकीलबाई म्हणाल्या, त्याच बाईंना बोलवा. तू माझ्याकडं आलीस, खुर्चीच्या कडेवर टेकलीस आणि म्हणालीस, “मावशी, या वेळी आधी विचारायचं. पण मी एकटी गेले तर माझं तोंड बघून ती भिडेखातर हो म्हणेल. तू चल. तू विचार, मी बाहेर थांबते. तुझे पडदे टाकायला म्हणून जाऊ.”

मी म्हटलं, गुरुवारी. गुरुवारी तुझी बैठक निघाली. पुढच्या आठवड्यात माझा गुडघा धरला. मग तू म्हणालीस, महिनाअखेरीला लाँड्रीत गर्दी असते, नको. मग मी म्हटलं, तू ये, मी तयार आहे. आणि तू म्हणालीस, तू निघ, मी थेट तिथंच येते. निघालं कुणीच नाही. काल वकीलबाईंकडून कळलं की तू या वेळेसाठी दुसरी बाई शोधली आहेस, बेकरीतली. तिच्याकडं जाऊनही आलीस.

लाँड्रीतल्या बाईंना अजून कुणी विचारलेलं नाही. पडदे मी त्या बुधवारीच काढले होते. पिशवीत घालून दाराशी ठेवले आहेत, येताजाता पायात येतात.

— मावशी